समक्ष पाहिले

अण्णा माणगावकरांची आठवण निघाली की आधी मला हसू येतं आणि लगेच मान खाली जाते. एकाच माणसामुळं दोन्ही व्हावं हे विचित्र आहे खरं, पण त्याला माझा इलाज नाही. ज्या गावच्या नगरपालिकेचे ते अध्यक्ष होते त्या गावाचं नाव मी सांगणार नाही. कोल्हापूरहून एस.टी.नं गडहिंग्लजच्या अंगाला जाताना ते लागतं, एवढं पुरे. गावात अजून माणसं राहतात, त्यांची पोरंबाळं शिकून मोठी झालीत, आणि ती वाईट माणसं आहेत असं मला मुळीच म्हणायचं नाही. म्हणून तर सांगताना जास्त अवघड वाटतं.

संस्थान नुकतंच विलीन झालं होतं. कागदांवरचे शिक्के बदलले होते, पण कागद तेच होते आणि कारकूनही तेच. मी त्यांतलाच एक, बारनिशीचा. आलेला कागद चढवायचा, गेलेला कागद चढवायचा, आणि अध्यक्षांच्या खोलीतून हाक आली की धावायचं. अण्णांची हाक दिवसातून पुष्कळदा यायची, कारण त्यांना बारीकसारीक गोष्टीलाही साक्षीदार लागायचा.

अण्णा पूर्वी संस्थानच्या कोर्टात शिरस्तेदार होते. साक्षी, जबान्या आणि पंचनामे यांच्यातच उभी हयात गेली. पेन्शन घेऊन गावी परतले तर लोकांनी त्यांना नगरपालिकेवर निवडून दिलं, आणि वर्षभरात त्यांनी नगरपालिकेचं कोर्ट करून टाकलं. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंग, भर उन्हाळ्यातही बंद गळ्याचा काळा कोट, आणि काखेत छत्री. कुणी तक्रार घेऊन आलं की ते डोळे मिटून सगळं ऐकून घ्यायचे आणि मग तीन प्रश्न विचारायचे. "कुणी सांगितलं? कुठं लिहिलंय? तुम्ही स्वतः बघितलंय?" पहिल्या प्रश्नाला माणूस टिकायचा, दुसऱ्याला अडखळायचा, आणि तिसऱ्याला बहुतेक जण "बरं, येतो अण्णा" म्हणून उठायचे.

हे तिन्ही पुरावे जुळल्याशिवाय ते खरोखरच निर्णय देत नसत. बाजारात देवाला सोडलेला एक पोळ होता. तो आमचा माल खातो, नगरपालिकेनं भरपाई द्यावी, अशी भाजीवाल्या बायकांची तक्रार आली. अण्णांनी आधी सगळ्यांच्या जबान्या घेतल्या. मग बाजाराच्या दिवशी स्वतः मंडईत खुर्ची टाकून बसले. पुढं एका पाटीत मेथी, दुसरीत वांगी, तिसरीत हिरव्या मिरच्या. पोळ आला, मेथी संपवली, थोडी वांगी खाल्ली, मिरच्यांना नाक लावलं आणि शिंकून चालता झाला. अण्णा गंभीरपणे उठले आणि म्हणाले, "मेथी सिद्ध. वांगी अंशतः सिद्ध. मिरचीची तक्रार फेटाळली."

मिरचीवाली पेटली. "अवो अण्णा, त्येचं प्वाट भरलं हुतं तवा! मेथी तुमीच चारलीसा की!"

सगळी मंडई हसली. अण्णा मात्र विचारात पडले. "मुद्दा बरोबर आहे," ते म्हणाले, आणि पुढच्या बाजारी त्यांनी मिरचीची पाटी सगळ्यात पुढं ठेवायला लावली. पोळानं तेव्हाही नाक वळवलं ही गोष्ट निराळी. पण एका मिरचीवालीचा आक्षेप मानून पुन्हा दिवसभर उन्हात बसणारा अध्यक्ष मी दुसरा पाहिलेला नाही.

त्यांच्या घरी या पुराव्यांना काडीची किंमत नव्हती. त्यांच्या बायकोला सगळे अव्वा म्हणायचे. माहेर पार सीमेकडचं, त्यामुळं रागावल्या की कानडी आणि लाडात आल्या की मराठी. एकदा जेवताना अण्णा मला सांगत होते की स्वतः बघितल्याशिवाय माणसानं कशावरही सही करू नये. आतून अव्वांचा आवाज आला, "व्हय की. आणि लग्नाआधी मला बघितलंतासा काय हो? पत्रिका जुळली म्हणून मुंडावळ्या बांधून आलासा न्हवं?"

"तो कागदोपत्री पुरावा होता," अण्णा म्हणाले.

"मग कसा निघाला?"

"ग्राह्य," असं म्हणून अण्णांनी आमटीसाठी वाटी पुढं केली.

हसण्यावारी नेण्यासारखी एवढीच बाजू असती तर मी लिहायला बसलो नसतो. मुलींच्या शाळेतला एक वर्ग बंद करावा असा ठराव एकदा भाऊसाहेबांनी आणला. भाऊसाहेब म्हणजे आमच्या पेठेतले कापडाचे व्यापारी, नगरपालिकेचे सभासद, गोड बोलणारे आणि सगळ्यांच्या लग्नाकार्यात पुढं असणारे. हजेरीपटावर मुली फार कमी दिसत होत्या, तेव्हा त्यांचं म्हणणं चूक नव्हतं. आईबापांना विचारलं तर तेही म्हणाले, पोरींना शिकायची हौस नाही. कागद आणि साक्ष दोन्ही जुळले होते. तरी अण्णा आठवडाभर शाळेसमोरच्या कट्ट्यावर जाऊन बसले. तेव्हा ध्यानात आलं की बाजाराच्या दिवशी आया माल घेऊन मंडईत बसतात आणि मुली घरी धाकटी भावंडं सांभाळतात. त्या दिवशी बुडालं की दुसऱ्या दिवशी बाईंच्या भीतीनं बुडतं, आणि मग कायमचंच. अण्णांनी शाळेची सुट्टी रविवारवरून बाजाराच्या दिवशी नेली. वर्ग भरला. त्या वर्गातल्या दोघी पुढं शिक्षिका झाल्या.

हे मी मुद्दाम सांगतो आहे. पुढचं ऐकून कुणाला वाटू नये की अण्णा आळशी होते किंवा मनानं खोटे होते.

पेठेत एक मोठी विहीर होती. अर्धं गाव तिचं पाणी प्यायचं. एका पावसाळ्यात त्या पाण्याला वास येऊ लागला आणि पेठेत हगवणीची साथ सुरू झाली. काही लेकरं दगावली. विहिरीच्या वरच्या अंगाला चढावर कातडी कमावणाऱ्यांची आळी होती. घरांपुढं चुन्याचे आणि बाभळीच्या सालीचे हौद, भिंतींवर वाळत टाकलेली कातडी. वारा सुटला की आळीचा वास पेठेत यायचा. पेठेला आणखी काय हवं होतं? भाऊसाहेबांनी अर्ज लिहिला आणि पेठेतल्या झाडून साऱ्या घरांनी त्यावर सह्या केल्या. आळीतल्या हौदांचं पाणी विहिरीत मुरतं, सबब आळी गावाबाहेर हलवावी.

अण्णा कामाला लागले. कुणी सांगितलं, तर सगळ्या पेठेनं. कुठं लिहिलंय, यासाठी त्यांनी विहिरीचं पाणी बाटलीत भरून पुण्याला तपासायला धाडलं. उत्तर आलं की पाण्यात घाण मिसळते आहे, ते पिण्यास योग्य नाही. कुठली घाण, कुणाची घाण, हे त्यात नव्हतं. राहिली समक्ष पाहणी. पंचनाम्याला पंच लागतात आणि ते प्रतिष्ठित असावे लागतात, हा अण्णांचा कोर्टातला शिरस्ता. प्रतिष्ठित माणसं पेठेतच राहत असल्यामुळं पंचही पेठेतलेच निघाले. भाऊसाहेब आणि आणखी दोघे. दौत-टाक घेऊन मी मागं होतो.

आळीच्या तोंडाशी आलो आणि पंच थांबले. भाऊसाहेबांनी उपरणं नाकाला लावलं. "अण्णा, आत जायाचं म्हंजी घरी जाऊन पुन्यांदा आंघोळ. घरात सत्यनारायण हाय माझ्या. आणि हितनं दिसतंय की समदं."

दिसत होतं खरं. समोर चढ, चढावर घरं, आणि आमच्या पाठीमागं खाली विहीर. शिवाशिव कायद्यानं संपली होती. विहीर सर्वांना खुली असल्याची पाटी आम्हीच रंगवून घेऊन तिच्यावर लावली होती. अण्णांनी एक पाऊल पुढं टाकलं, वळून पंचांकडं बघितलं आणि थबकले. पंच बाहेर आणि आपण आत, मग तो पंचनामा कसला, असं काहीतरी पुटपुटले. त्यांना आत जायचं नव्हतं की पंचांना अवघडवायचं नव्हतं, हे मला तेव्हाही कळलं नाही. आजही सांगता येणार नाही.

आमची चाहूल लागून गंगव्वा पुढं आली. आळीतली वयानं सगळ्यांत मोठी बाई. सालीच्या पाण्यानं तिचे हात कोपरापर्यंत तांबूस झालेले असायचे. ती आमच्यापासून बेतानं लांब उभी राहिली.

"अण्णा, आत या की. हौद बगा आमचं. आमचं पानी पल्याड वड्याकडं जातंय. हिकडं येतच न्हाय त्ये."

अण्णांनी तिचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं आणि मला सांगितलं, "लिहा. हितसंबंधी व्यक्तीचे म्हणणे, सबब ग्राह्य नाही." अर्जावर सह्या करणारी पेठही तितकीच हितसंबंधी होती, हे आमच्यापैकी कुणालाही सुचलं नाही. मग शेवटचं वाक्य त्यांनी सांगितलं आणि मी लिहिलं. "जागा समक्ष पाहिली. उतार विहिरीच्या बाजूस आहे." पंचांनी सह्या केल्या, अण्णांनी केली, आणि आम्ही परतलो. माझाही रुमाल नाकाशी होता. तिथं उभ्या असलेल्या एकालाही त्यात काही वावगं वाटलं नाही, याची मला आज सगळ्यांत जास्त शरम वाटते.

आळी उठली. त्यांना गावाबाहेर दगडाच्या खाणीपलीकडं माळावर जागा दिली. घरांचे वासे आणि कौलं डोक्यावरून वाहून नेली त्यांनी. माळावर पाण्याचा टिपूस नव्हता आणि कातडी कमवायला तर पाणी धो धो लागतं. हौद पुन्हा बांधले गेलेच नाहीत. पुरुष खाणीत दगड फोडायला लागले, काही इचलकरंजीला मागावर गेले, बायका लाकूडफाटा विकू लागल्या. कोल्हापूरचे चपलावाले वाट बघून बघून दुसरीकडून कातडं नेऊ लागले. पेठेत सगळ्यांना हायसं वाटलं.

पुढच्या पावसाळ्यात विहिरीच्या पाण्याला पुन्हा वास आला आणि साथही आली.

पाऊस सरल्यावर गाळ काढायला विहीर उपसली, तेव्हा आतल्या भिंतीवर एक काळा ओघळ दिसला. तो आळीच्या बाजूला नव्हता, मंडईच्या बाजूला होता. मंडईमागं नगरपालिकेनं पहिल्या साथीच्या थोडं आधी नवे संडास बांधले होते. त्यांचं उद्घाटन अण्णांच्या हस्ते झालं होतं आणि आम्हां सगळ्यांना त्यांचा मोठा अभिमान होता. ओव्हरसियरनं तिथं खणून बघितलं. खड्डा फुटला होता आणि मैला विहिरीकडं मुरत होता.

त्या दुपारी अण्णा मला "चला" एवढंच म्हणाले. आम्ही आळीच्या तोंडाशी गेलो. आत नुसत्या भिंती उभ्या होत्या. अण्णा क्षणभर थांबले आणि मग आत शिरले. थोडी पावलं चाललो नाही तोच चढ संपला. पुढं सगळी जमीन पलीकडं ओढ्याकडं उतरत गेली होती. मोडक्या हौदांच्या मोऱ्यासुद्धा सगळ्या त्याच दिशेला तोंड करून होत्या. ते कळायला पुण्याची बाटली लागत नव्हती की ओव्हरसियर लागत नव्हता. आंधळ्या माणसाला नुसतं पायांनी समजलं असतं.

अण्णा एका हौदाच्या काठावर बसले. मग माझ्याकडं न बघता म्हणाले, "मी रोज सकाळी आमच्या लिंगायत संतांची, शरणांची वचनं म्हणतो, ठाऊक आहे ना तुम्हाला? त्या शरणांत एक कातडी कमावणारा होता. त्या दिवशीसुद्धा त्याचं नाव घेऊनच घरातून निघालो होतो. आणि तिथं, आळीच्या तोंडाशी उभा राहून सही केली." पुढं काही बोलायला त्यांनी तोंड उघडलं, पण नुसतं "लाज वाटते हो" एवढंच आलं. म्हातारा माणूस समोर रडायला लागला की दुसऱ्यानं कुठं बघावं हे मला अजून कळलेलं नाही. मी ओढ्याकडं बघत राहिलो.

त्यानंतर कुणी तक्रार घेऊन आलं तर अण्णा कागद घ्यायचे आणि गप्प बसायचे. तीन प्रश्न बंद झाले. पुढच्या सर्वसाधारण सभेत मात्र ते उठून उभे राहिले आणि सगळं सांगितलं. समक्ष न पाहता समक्ष पाहिलं असं लिहिलं, ते खोटं होतं. विहिरीत घाण गेली ती नगरपालिकेची. आळीचा दोष नव्हता. तेव्हा आळी पूर्वीच्या जागी परत आणावी आणि हौद नगरपालिकेनं बांधून द्यावेत, असा ठराव मी मांडतो.

मग भाऊसाहेब उठले. मला वाटलं आता भांडण होणार. पण त्यांनी उपरण्यानं डोळे टिपले, आणि ते सोंग होतं असं मी म्हणणार नाही. "एवढ्या मोठ्या मानसानं चूक कबूल करायची म्हंजी साधं काम न्हवं," ते म्हणाले. "असा अध्यक्ष मिळाला हे आपल्या गावाचं भाग्य. अण्णांच्या प्रामाणिकपणाबद्दल मी अभिनंदनाचा ठराव मांडतो." सगळ्यांनी हात वर केले. टाळ्या झाल्या. अण्णांना हार घालावा असंही कुणीतरी म्हणालं.

टाळ्या थांबल्यावर अण्णांनी विचारलं, "आणि माझा ठराव? अनुमोदन कोण देतंय?"

एकही हात वर आला नाही. आळीच्या रिकाम्या जागेवर मंगल कार्यालय बांधायचं पेठेच्या मनात ठरलंही होतं. भाऊसाहेब हळू आवाजात म्हणाले, "अण्णा, ती मानसं रुळल्यात आता तितं. कशाला उगं पुन्यांदा हलवायची त्येस्नी?"

"बघितलंय का तुम्ही?" अण्णा म्हणाले.

भाऊसाहेबांनी खाली बघितलं. अनुमोदकाअभावी ठराव पडला. मी इतिवृत्तात दोन्ही ठराव एकाखाली एक लिहिले, एक एकमतानं मंजूर, दुसरा नामंजूर. दुसऱ्या दिवशी अण्णांनी राजीनामा दिला.

त्याच आठवड्यात ते माळावर जायला निघाले आणि मला बरोबर या म्हणाले. थोड्याच दिवसांत माझी नोकरी कोल्हापुरात लागली आणि अण्णा बेळगावकडं लेकीकडं गेले, ते तिकडंच वारले. तेव्हा माळावरचे अण्णा हेच मी पाहिलेले शेवटचे अण्णा.

विहिरीची बातमी माळावर पोचली होती. सभेत अण्णा आळीच्या बाजूनं उभे राहिले हेही तिथं कळलं होतं. अण्णांची काळी छत्री लांबून दिसली मात्र, माळावर एकच गलका उठला. "अण्णा आल्यात! अण्णा आल्यात!" आम्ही पोचेपर्यंत माणसं झोपड्यांबाहेर आली होती. एकजण छपराच्या दोऱ्या सोडत होता. एक तरणी बाई आतली भांडी आणून दारात मांडत होती. काय चाललंय ते माझ्या लगेच ध्यानात आलं, आणि तिथून पळून जावंसं वाटलं.

गंगव्वा पुढं आली. तिच्या हातांवर आता सालीचा रंग नव्हता. "या, अण्णा. आत या," ती म्हणाली. अण्णा वाकून झोपडीत शिरले आणि दाराजवळ जमिनीवर बसले. मी चौकटीशी उभा राहिलो.

"कवा निघायचं?" गंगव्वानं विचारलं. "आमी तयार हाय बगा. गाडी न्हाय मिळाली तर डोईवरनं न्हेतो समदं."

अण्णांनी हात जोडले. "गंगव्वा, हुकूम झालेला नाही. मी चुकलो एवढं सांगायला आलोय. तुमची सगळ्यांची माफी मागायला आलोय."

ती त्यांच्याकडं बघत राहिली. "मग सभंत सांगितलासा न्हवं तुमी? चूक आमची न्हाय म्हणून?"

"सांगितलं."

"मग काय म्हनाली ती?"

अण्णांची मान आणखी खाली गेली.

"माझं अभिनंदन केलं," ते म्हणाले.

गंगव्वा दाराकडं वळली. "सुंद्रे," तिनं हाक मारली, "भांडी आत ठेव गं."

सुंद्रा एकेक भांडं उचलून आत आणू लागली. झोपडी अरुंद होती. ती आत आली की प्रत्येक वेळी अण्णा पाय आखडून तिला वाट करून देत होते.